खोगीरभरती

वॉल्सॉलमध्ये, कालव्याच्या कडेला,
फेलोज अँड डॉटर: खोगिरं, लगाम, बकलं.
दुकान पुढे, कारखाना मागे,
आणि जिन्याखालच्या कपाटात
झाडू, हीटर, ख्रिसमसच्या माळांशेजारी
सर्व्हर.

सात वर्षांचा. सोळा जीबी.
डॅरल म्हणतो, इन्व्हॉइस उघडायला लावतो,
चहा करून आणतो, तोही निवतो.
नॉर्माबाईंनी कोटेशन आधीच मागवलंय:
दोन पट्ट्या, तीनशे चाळीस पौंड, व्हॅट वेगळा.
मला बोलावलंय ते फक्त हो म्हणायला.

मी कपाटासमोर उकिडवी बसते.
सोळापैकी पंधरा पूर्णांक चार वापरात.
बघा, भरलीये, डॅरल माझ्या खांद्यावरून.
भरलीये खरी.
पण डेटाबेसला जेवढी जागा द्याल तेवढी तो व्यापतो,
चौसष्ट दिली तर एकसष्टवर पसरून बसेल.
माळा बांधला की माळा भरतो,
हे घरात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.
भरलेलं भांडं वेगळं, अपुरं भांडं वेगळं.
या आकड्यात दोन्ही सारखीच दिसतात.

थांबावं लागतं. मी थांबले.
दर पंधरा मिनिटांनी डिस्कचा दिवा
पिसाळल्यासारखा लुकलुकायचा,
दोन-अडीच मिनिटं. मग गप्प.
सव्वाअकरा. साडेअकरा. पावणेबारा.
जागा कमी पडली म्हणून
कुणी असं घड्याळ लावून गुदमरत नाही.

सापडला. एक रिपोर्ट.
कुणा क्लाइव्हने दोन हजार नऊ साली लिहिलेला;
क्लाइव्ह आता टेनेरिफला असतो, उन्हात.
रिपोर्ट दर वेळी उचलतो
चौऱ्याण्णव सालापासूनचा एकूण एक घोडा:
पाठीचा उतार, खांद्याची रुंदी,
वाकवलेल्या तारेवरून कागदावर घेतलेली रेघ,
स्कॅन केलेली, चहाच्या डागासकट.
अकरा हजार पाठी एकदम आत येऊन उभ्या राहतात
आणि डॅरलचं इन्व्हॉइस दाराबाहेर ढकललं जातं.
कुणासाठी?
रिपोर्ट ज्या पत्त्यावर जातो
तो पत्ता बंद आहे.

खोगीरभरती, मी पुटपुटले.
काय म्हणालात?
सांगितलं: आमच्याकडे उगाच भरलेल्या कशालाही म्हणतात.
शब्दशः पाहिलं तर, तुमचा धंदा.
नॉर्माबाई हसल्या नाहीत.
भरती वाईट असली तर घोड्याची पाठ सोलते, म्हणाल्या.
लोकर आम्ही अजून हाताने भरतो.

मग चष्मा चढवून माझ्या पडद्यावर वाचायला लागल्या.
टॉफी. ब्रिगेडियर. मिसेस पीबॉडी. गस.
हा गेला. हीसुद्धा गेली.
हिचं माप मी स्वतः घेतलं होतं,
उजवा खांदा जरा वर, कुणाला पटायचं नाही...
पुसू का, असं मी विचारलंच नव्हतं.
पुसायचं नाही, त्या म्हणाल्या.

नाही पुसलं. रिपोर्ट तेवढा थांबवला.
घोडे होते तिथेच आहेत,
नावाने हाक मारली तर एकेकटे येतील.
कोटेशनच्या पाठकोऱ्या बाजूवर
नॉर्माबाईंनी कुणाच्या तरी रिकिबींची ऑर्डर उतरवून घेतली.

उन्हाळ्यात नवा कॅटलॉग चढेल,
तेव्हा कदाचित खरंच पट्ट्या लागतील.
तेव्हा हो म्हणेन. तसं सांगून ठेवलंय.

डॅरलने इन्व्हॉइस उघडलं. चार सेकंद.
किटलीकडे निघालेला त्याचा हात वाटेतच राहिला.
काय घातलंत आत?
काही नाही.
मला चहा मिळाला नाही तो नाहीच.

माझं बिल: दोन तास, एकशे तीस पौंड.
तपशिलाच्या चौकोनाशी बराच वेळ अडले,
शेवटी लिहिलं: मेमरी न वाढवणे.
सोमवारी सकाळी डॅरलचा फोन,
आवाजात खरीखुरी काळजी:
हे मी कुठल्या खात्यात टाकू?