प्लस का मायनस

मांडीवर घेऊन आणला होता नागपूरहून
शंभर कोऱ्या डीव्हीडींचा डबा.
यवतमाळपर्यंत सीट नव्हती,
ड्रायव्हरनं बोनेटवर बसू दिलं.

दिग्रसला दुकानात उघडला तर
वरच्या पन्नासांवर एक आडवी रेघ,
खालच्या पन्नासांवर तीच रेघ,
तिला मधोमध उभी मारलेली.

एसटीडीवरून फोन लावला. लखवानी म्हणाला,
"वर कुठंतरी कंपन्या-कंपन्यांचं जमत नाही.
वर्ष-दोन वर्षांत एक मरेल.
तोवर दोन्ही ठेवा."
कोणती मरेल, ते त्यालाही माहीत नव्हतं.

गणितात मी दोनदा नापास,
आणि आता लग्नाची शूटिंग देताना
गिऱ्हाइकाला विचारायची पाळी माझ्यावर:
प्लस देऊ का मायनस?

पोलीस पाटील म्हणाले, "मायनस काहून?
शुभकार्य आहे. प्लसच द्या."
त्यांच्या प्लेअरनं प्लस बाहेर काढली,
लेकरू कडू औषध काढतं तशी.

उल्हास डवले तर प्लेअरच घेईना.
दर बाजारी यायचा, काचेतून पाहायचा,
किंमत विचारायचा, पाठीमागची भोकं मोजायचा.
"थांबतो. एकदाचं ठरू द्या त्यांचं."
त्याची बायको मागून म्हणाली,
"त्यांचं ठरेस्तोवर माये डोये जातीन."

पंचफुलाबाई गावंडेंनी एवढंच विचारलं,
"टिकते कोणची?"
लेक दिली आलापल्लीला,
येणार वर्षातून एकदा, तेही सुटी मिळाली तर.
मी म्हणालो, दोन्ही न्या, पैसे एकीचेच.
मार्करनं एकीवर अधिक काढलं, दुसरीवर उणे.

पंधरा दिवसांनी त्या पिशवीतून दोन्ही घेऊन आल्या.
एक हळदीपर्यंत नीट चालायची,
मग लेकीचा चेहरा पिवळ्या चौकोनांत फुटून
तसाच राहायचा.
दुसरी सुरुवातीला घरघरायची
आणि एकदम पाठवणीवर उडी मारायची.
लग्न कुठंच नव्हतं.

मूळ टेपवर मी तोवर
आर्णीचं एक बारसं भरलं होतं.
हे कसं सांगावं म्हणून मी कपडा घेऊन
दोन्ही चकत्या पुसत बसलो, पुसत बसलो.

"राहू द्या, बाप्पा," त्या म्हणाल्या.
"मधलं मले याद आहे."

पुढं कोणी मेलं नाही.
दोन्ही खाणारे प्लेअर आले, स्वस्त,
बाजारात ताडपत्रीवर, चपलांच्या शेजारी.
उल्हासनं तेव्हाही घेतला नाही,
त्यानं म्हणे आणखी काही येणार असल्याचं ऐकलं होतं.

एकदा वसुलीला गेलो होतो त्या गल्लीत.
लाइन होती. गावंड्यांच्या ओसरीत पाच-सहा बाया,
पडद्यावर हळद.
चेहरा फुटला तशी पंचफुलाबाई उठल्या,
अधिक काढली, उणे हाती घेतली,
आणि घातली नाही लगेच.
चकती पदराला पुसत उभ्या राहिल्या
आणि सांगू लागल्या,
अक्षदा कुठून कुठून येत होत्या ते.