आयत्या वेळचा विषय

गणपूर्तीअभावी सभा तहकूब,
अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू:
हे वाक्य मी अकरा वर्षं
सभा भरायच्या आधीच लिहून ठेवतो.
अर्धा तास म्हणजे बिशनलालजींच्या घरून
सुशीला येईपर्यंतचा वेळ.

सेलू, स्टेशन रोड, मेडिकलच्या मागची खोली.
भिंतीला टेकलेले वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या,
गुंडाळलेल्या हवेच्या गाद्या,
गावाच्या दुखण्याला उसना दिलेला संसार.
पाचशे अनामत. वस्तू आली की पैसे परत.
आम्ही सात विश्वस्त. नोंदणी परभणीला, धर्मादायकडं.

विषय एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी वाचत नाही, कायम करतो.
दोन, तीन, चार : सर्वानुमते.
हा शब्द हातात असा बसलाय
की एकदा किराण्याच्या यादीखालीही लिहिला होता.

मग तहसीनबाई म्हणाल्या, एक विचारू का?
एकतीस वर्षं उपकेंद्रात नर्स,
लशीच्या बाटलीबाटलीचा हिशोब दिलेली बाई.
विश्वस्त होऊन दोनच महिने झालेले.
"ऑक्सिजनच्या मशिनी चार घेतल्या. पावत्या चार.
रजिस्टरात तीन. चौथी कुठं हाय?"

उद्धवराव अध्यक्ष. खोली त्यांची, भाडं घेत नाहीत.
पहिला वॉकर त्यांनीच दिला, वडिलांच्या नावानं.
म्हणाले, आमच्याकडंच आहे की. सासूबाईंसाठी नेली होती.
सासूबाईंचं वर्षश्राद्ध
आम्ही सगळेच जेवून आलो होतो.
"पाठवायची राहिली. घरचीच तर संस्था."

बाईंनी आवाज चढवला नाही.
"पोळ्याच्या आदल्या दिवशी वालूरचा पोरगा आलता,
बापासाठी. आपण नाही म्हणलो.
ते 'नाही' कुठं लिहिलंय, सर?"

सर म्हणजे मी.
मी पानं उलटत राहिलो.
'नाही'साठी रकानाच आखलेला नव्हता.

"ज्याचा विषय, त्यानं तेवढा वेळ बाहेर बसावं,"
बाई म्हणाल्या.
उद्धवरावांनी एकेकाकडं पाहिलं.
एकेकजण सुशीलेतले शेंगदाणे शोधू लागला.
मग ते उठले. दारात त्यांना चप्पल सापडेना,
एरवी ड्रायव्हर सरळ करून ठेवतो.

आणि मला दिसला
आमच्या न्हाणीपाशी उभा असलेला वॉकर.
थोरल्या भावाचा खुबा मोडला तेव्हा नेलेला.
भाऊ काठीवर आला, मग काठीही सुटली,
वॉकरवर आता टॉवेल वाळतात.
नोंद? अनामत?
नोंद सचिव करतो. सचिवाची कोण करणार?

हे मनात म्हणालो की मोठ्यानं, ठाऊक नाही.
प्रोसिडिंग बुक बाईंपुढं सरकवलं, पेनासकट.
म्हणालो, आयत्या वेळचा विषय म्हणून घ्या.
नावं दोन.

बाहेर बाक आहे, पेशंटच्या माणसांसाठी.
आम्ही दोघं बसलो, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.
चहावाला पोरगा नवीन होता. विचारू लागला,
काय न्यायचंय काका? घरात कोण आजारी हाय?
उद्धवराव गप्प. मीही.

आतून आवाज येत होते, शब्द लागत नव्हते.
कुणीतरी 'नियम' म्हणालं,
कुणीतरी 'अहो, पण माणूस' म्हणालं, दोनदा.
मधेच बराच वेळ कुणीच काही म्हणालं नाही.

बाकाचा एक पाय आखूड आहे.
ते हलले की मी वर, मी हललो की ते.
दुरुस्तीचा अर्ज आलेला,
त्यावर मीच तीन सभांत लिहिलंय : विचाराधीन.