नावं ठेवणारी

बंदरावर माझं काम आकड्यांचं.
कंटेनर आला की चार अक्षरं, सात आकडे,
जुळले तर एक शिक्का.
आत काय आहे ते कागद सांगतो,
मी उघडत नाही.

उघडते कायिसान मावशी.
लोमेच्या मोठ्या बाजारात, चर्चच्या भिंतीला लागून
तिचं दुकान, म्हणजे चार फळ्या, एक छत्री
आणि डोक्याच्याही वर रचलेली ठाणं.
नवं कापड आलं की ती लगेच विकत नाही.
मांडीवर पसरते, उलटं करते,
मेणाच्या तड्यांतून निळा कुठवर झिरपलाय
ते नखानं बघते.
मग गप्प.
कधी एक दुपार, कधी आठवडा,
आणि मग नाव ठेवते.

ओळीनं मांडलेल्या किल्ल्या, कुलूप कुठंच नाही:
“सासूबाई, दार वाजवून या.”
एकच डोळा, शंभरदा:
“मला माहीत होतं, तरी वाढलं जेवायला.”

आमच्या गल्लीत बायका क्वचितच भांडतात.
नेमकं कापड गुंडाळून
नेमक्या दारावरून जातात, सावकाश.
नाव ठेवता ठेवता मावशी नावंही ठेवते,
आणि सगळं शहर ते अंगावर घालतं.

शाळेत शिकून आले तेव्हा मी तिला म्हटलं होतं,
जरा मिरवतच म्हटलं होतं:
हे आपलं नाहीच, मावशी.
मेणाची कला जावाची, कारखाना हॉलंडचा,
जहाजही त्यांचंच.
दातानं दोरा तोडत ती म्हणाली,
“पोर कुणाचं का असेना, हाक कोण मारतं?”
तेव्हा मला ते पटलं नव्हतं.
अजूनही पुरतं पटत नाही.

पुढे तेच कापड दुसरीकडून येऊ लागलं,
तिसऱ्या हिश्शाच्या भावात.
तोच डोळा, त्याच किल्ल्या.
तडेसुद्धा छापलेले,
एकासारखा हुबेहूब दुसरा.
आलं ते माझ्याच शिक्क्याखालून.
शेजारच्या दोसे बाईनं मोटार विकली,
मग फळ्या विकल्या,
मग ती मुलाकडे कोतोनूला गेली
आणि तिच्या जागी फोनची कव्हरं लटकली.

एका दुपारी तोंगशेंग आला.
तिशीचा, घामेजलेला,
बाजारातली मिना माझ्यापेक्षा बरी बोलणारा.
“मावशी, माल गोदामात पडून आहे.
बायका विचारतात, नाव काय? मी सांगतो, नंबर.
हसून पुढे जातात.
तुम्ही नाव द्या. पैसे देतो.”

“किती?” असं तिनं नाही, मी विचारलं.

मावशीनं कापड मांडीवर घेतलं.
उलटं केलं. पाठ पांढरीफटक.
अंगठ्याला थुंकी लावून एका कोपऱ्यावर घासलं,
अंगठा निळा झाला.
छत्रीची सावली फळीवरून उतरून रस्त्यावर गेली
तरी ती बोलेना.
तो उकिडवा बसून राहिला, पाणीही मागितलं नाही.
शेवटी म्हणाली:
“धुतल्यावर बोलू.”

उद्या येऊ का, त्यानं विचारलं.
“अरे, हेच नाव.”

त्यानं ते फोनमध्ये लिहून घेतलं.
तिनं नाव ठेवलं की नावं ठेवली
हे त्याला कळलं का, देव जाणे.
पैसे तिनं दोनदा मोजले.

आणि ते खपलं! वेड्यासारखं खपलं.
लग्न ठरलेल्या मुलींनी घेतलं,
नवऱ्यानं माफी मागितलेल्या बायकांनी घेतलं,
निवडणुकीच्या सभेत पहिल्या रांगेत
अकरा जणी तेच नेसून बसल्या, हात जोडून.

आज सकाळी कागद आला.
चार अक्षरं, सात आकडे, सगळं जुळलेलं.
मालाच्या रकान्यात, एरवी जिथं नंबर असतो तिथं,
आमच्या मिनात टंकलेलं मावशीचं वाक्य,
आणि पुढे: चाळीस हजार वार.

एक अक्षर चुकलं होतं.

अक्षरं तपासायचा पगार मला कुणी देत नाही.
मागे ट्रकांची रांग, ड्रायव्हर हॉर्न मारतोय,
शिक्का हातात ओला.
तो बाजूला ठेवून
मी पेन शोधलं.