पुरून उरलेले

पोर्तोमधल्या आमच्या हॉटेलात त्या दिवशी दोन संमेलनं होती:
दुसऱ्या मजल्यावर अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपन्या,
तिसऱ्यावर जमिनीखालून इंटरनेट नेणारे.
कॉड माशाचे वडे दोन्हीकडे तेच,
आणि ते फिरवणारा मीही तोच.

फिर्मिनु सोब्राल एक मजला आधीच लिफ्टमधून उतरला.
गळ्यातला बिल्ला उलटा, नाव छातीकडे.
जिकडेतिकडे काळे सूट बघून खूश झाला,
म्हणाला, यंदा आपली माणसं जरा नीट आलीत.

खिडकीशी ओतीलिया परेदिश उभी होती,
विझेऊची, धंद्यातली तिसरी पिढी.
"काम कसं काय चाललंय?"
"झकास! ब्रागा जिल्ह्यात यंदा आठ हजार घरं केली."
तिचा ग्लास ओठाशीच थांबला.
"आठ हजार? साथबिथ होती का?"
"छे हो, हौस! एका घरानं घेतलं
की दुसऱ्या दिवशी शेजारचा दारात हजर:
आमचं कधी?"

"आणि… खोल किती?"
"कागदावर एक मीटर.
घाई असली तर वीतभर. वरून डांबर.
फूटपाथखालीच. चालणाऱ्याला पत्ता लागत नाही."
तिनं गळ्यातला क्रूस चाचपला.
"उंदीर कुरतडतात अधूनमधून.
मग उकरायचं, तुकडे जोडायचे, परत पुरायचं.
पण एकदा नीट पुरलं ना, बाई,
तर ते तुम्हाआम्हाला पुरून उरतं."

मी बोलायला हवं होतं.
पण वेटरनं काही ऐकलेलं नसतं, असा नियम आहे,
आणि खरं सांगायचं तर
मला पुढचं ऐकायचं होतं.

"तुमच्याकडे?"
"वर्षाला जेमतेम दोनशे," ती हळू आवाजात म्हणाली.
"पण एकेकाला वेळ देतो. केस विंचरतो.
टायची गाठ मी स्वतः बांधते."
"ग्राहकाच्या?"
"त्यांना जमत नाही ना."
फिर्मिनुनं वही काढली, लिहून घेतलं.
"याला म्हणतात सेवा! आमची पोरं तर
फोनसुद्धा उचलत नाहीत."

मग कार्डांची देवाणघेवाण.
त्याच्यावर वीज चमकत होती, तिच्यावर सुरूचं झाड.
दोघांनी एकदमच चष्मे शोधले.

त्या धंद्यात मोठ्यानं हसत नाहीत.
ओतीलिया हसली. पोट धरून, पडद्याला लटकून,
तशी साठ काळ्या सुटांनी वळून पाहिलं
आणि सवयीनं माना खाली घातल्या.
फिर्मिनुचे कान माझ्या वड्यांसारखे तळून निघाले.

संध्याकाळी मागच्या दाराशी मी रिकामे क्रेट रचत होतो.
छपराखाली दोघं सिगारेट ओढत होती.
बोलता बोलता तिचा हात
त्याच्या वाकड्या टायकडे गेला.
तो ताठ उभा राहिला. डोळेही मिटले त्यानं.
"जरा श्वास धरा हो," ती म्हणाली,
"मला सवय नाही."