उतरताना

सोमवारी सकाळी कळलं
की कमोडवर बसणं ही दोन टप्प्यांची क्रिया आहे
आणि उठणं ही तीन.

काल सत्तावीस किलोमीटर.
सहकारनगर, सारसबाग, शटर न उघडलेला लक्ष्मी रोड,
विद्यापीठाचं फाटक, पाषाणच्या तळ्यावरचं धुकं,
आणि तेच सगळं उलट्या क्रमाने, वर ऊन घालून.
मनगटावरच्या घड्याळाने शाबासकी दिली.
दुपारपर्यंत मी तिशीचा होतो.
रात्री मांड्यांत कुणीतरी सिमेंट कालवायला घेतलं.

पाय भरून आलेत, मी म्हणालो.
आपल्या भाषेत डोळेही भरून येतात, आभाळही.
पण ते सांडतं कुठेतरी, मोकळं होतं.
पोटऱ्या नुसत्याच भरून येतात
आणि तशाच राहतात.

आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही.
ठराव आहे. दर ऑगस्टमध्ये मांडला जातो
आणि तळमजल्यावरचे सहस्रबुद्धे
विचार करायला वेळ मागतात.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर.
फेब्रुवारीपासून, म्हणजे आप्पांची उजवी बाजू गेल्यापासून,
रोज दहाला जुईली येते, फिजिओथेरपीची,
त्यांना एक मजला उतरवते, एक मजला चढवते.
त्या वेळी मी ऑफिसात असतो.
मला तिची फी माहीत आहे, ती महिन्याच्या एकला जाते.

आज मी रजा टाकलेली,
आणि जुईलीची स्कूटर बावधनला बंद पडलेली.
‘तल,’ आप्पा म्हणाले.
त्यांचा च अजून परत आलेला नाही.

निघालो. त्यांचा डावा हात कठड्याला, माझे दोन्ही भिंतीला.
पहिल्याच पायरीवर मी आई गं म्हणालो.
ते थांबले, वाकून माझ्या गुडघ्यांकडे पाहू लागले,
तेहेतीस वर्षं सायकलवर खडकीच्या कारखान्यात गेलेला माणूस
दुसऱ्याची उतरलेली चेन पाहतो, तसे.
मग जुईलीचा नियम सांगितला:
चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट.
मी म्हटलं, माझे दोन्ही वाईट आहेत.
त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली.
उजवी निघाली असावी, पण पोचायला वेळ लागतो.

अठरा पायऱ्या, अकरा मिनिटं.
काल एवढ्यात मी सारसबागेपासून डेक्कनला पोचलो होतो.
दुसऱ्या मजल्यावर शिरोडकरांच्या चपलांच्या स्टँडवर
दोघं टेकलो. दोघांच्या अंगाला महानारायण तेलाचा वास.
खाली कुणीतरी भंगारवाल्याशी
रद्दीच्या वजनावरून तत्त्वाचं भांडत होतं.
आम्ही निकाल लागेपर्यंत बसलो.

लहानपणी पर्वती चढताना मी मागे पडायचो.
ते पुढच्या वळणावर थांबून
रुमालाने कपाळ पुसत बसायचे.
रुमाल कोरडा असायचा. हे मला
आत्ता, चपलांच्या स्टँडवर, कळलं.

मंगळवारी जास्त दुखलं. कोमट पाणी, खडेमीठ,
हळदीचं दूध, जे मला आवडत नाही.
जुईलीने आम्हा दोघांना एकाच खुर्चीवरून
दहा दहा वेळा उठबस करायला लावली.
आप्पा जिंकले.

बुधवारी जाग आली तेव्हा पाय माझे होते.
कुणी रात्रीतून येऊन
सिमेंट उपसून नेलेलं, पाटीसुद्धा न ठेवता.
मी उकिडवा बसलो, उठलो, पुन्हा बसलो.
खिडकीबाहेर तळजाईची टेकडी, तिच्यावर पळणारी माणसं.

ऑफिसला कळवलं, अकराला येतो.
आप्पा दारात उभे होते, काठी डाव्या हातात.
मी नकळत चार पायऱ्या उतरून गेलो,
आणि वळून पाहिलं.
ते अजून पहिल्या पायरीशी बोलणी करत होते.

मी भिंत धरली.
मांडी चोळली, जरा जोरातच.
अजून दुखतंय का, त्यांनी विचारलं.
म्हटलं, खूप.

ते माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ,
मग काठी खालच्या पायरीवर टेकवली.
‘तल,’ म्हणाले. ‘वाईत पाय आधी.’