धडा चौथा : पकडलेला माणूस

पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस जण बसायचे,
बुटांना लाल माती,
पाटणकडं असते त्याहून जरा नारिंगी.
मी फळ्यावर लिहायचो, बेनुआ त्यांच्या भाषेत सांगायचा.
माझं एक वाक्य त्याच्या तोंडी तीन व्हायचं.
कधी तो नुसताच हात हलवायचा, की झालं.

पहिला धडा, हुकूम कशाला म्हणायचं.
दुसरा, बाया, पोरं, म्हातारी, दवाखाना.
तिसरा, विहिरीत काही टाकायचं नाही.
तिसऱ्याला हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही.
दुष्काळी मुलखातले असणार, आमच्यासारखे.

चौथा, पकडलेला माणूस.
हात वर केले की तो दुश्मन राहत नाही,
तो आपल्या हवाली असतो.
'हवाली'ला बेनुआ अडला.
मी म्हटलं, शेजारीण गावाला जाताना
तुझ्या दारात शेळी बांधून गेली
आणि शेळी उपाशी मेली, तर तोंड कुणाचं काळं?
सगळ्यांना कळलं.
शेळी कुठंही कळते.

मग दोरी घेतली.
हात पुढं बांधायचे, मागं नाही.
मनगट आणि दोरी यांत एक बोट जायला पाहिजे.
पाणी द्यायचं, तो मागायच्या आधी.
नाव विचारायचं, वहीत लिहायचं, वेळ टाकायची.
नाव लिहिलेला माणूस सहजी नाहीसा करता येत नाही.

शेवटच्या बाकावरून लेफ्टनंट इसूफ उठला,
पंचविशीचा, कानामागं जुना व्रण.
'फदतारे सर, तुमच्या गावात असंच करतात?'

मी म्हटलं, हो.
बेनुआला वेळ लागला नाही.

माणगंगेच्या काठाला, दहिवडीच्या खालच्या अंगाला आमची चावडी.
मी सातवीत. आमच्या खळ्यावरनं रातोरात दोन पोती ज्वारी गेली
आणि सकाळी माळावरनं जिरंग्या काळेला धरून आणला.
पारधी हाच पुरावा, तेव्हा असंच होतं.
(तेव्हा म्हणतो मी. बघा.)
चावडीच्या खांबाला बांधला, हात मागं.
दोरी आमची, बैलाची, म्हसवडच्या जत्रेतनं आणलेली, नवी.
दादा म्हणाले, पळ, घेऊन ये.
मी पळालो. पळण्यात माझा पहिला नंबर असायचा,
त्याच पळण्यावर पुढं साताऱ्यात भरती झालो.

दिवस बुडेपर्यंत तो पाणी मागत होता.
वहीत नाव नव्हतं. वहीच नव्हती.
चौथ्या दिवशी पोती चुलत्याच्या माळवदावर निघाली,
त्याच्यावर गावात कुणी बोललं नाही.
जिरंग्याचा उजवा पंजा मात्र परत कधी नीट मिटला नाही.

दुसऱ्या दिवशी पाचवा धडा होता. फळा कोराच ठेवला.
म्हटलं, बेनुआ, काल मी खोटं बोललो, सांग त्यांना.
आणि सगळं सांगितलं, दोरी कुणाची तेसुद्धा.
बेनुआ बराच वेळ सांगत होता.
शेडवर कावळ्यासारखं कसलं तरी पाखरू नखं घासत होतं.
इसूफ उठला नाही. त्यानं वही उघडली
आणि विचारलं, त्या माणसाचं नाव कसं लिहायचं?
एकेक अक्षर करून मी सांगितलं.

आता पेन्शनीत आहे.
जिरंग्या मेला त्याला बरीच वर्षं झाली.
त्याची म्हातारी दहिवडीच्या बाजारात बिब्बे विकायला बसते.
तीन बाजार नुसता पुढनं गेलो.
चौथ्याला खाली बसलो, म्हटलं, मी फडतऱ्यांचा सर्जेराव.
पुढचं पाठ करून ठेवलेलं आठवेना.

तिनं मूठभर बिब्बे तराजूत टाकले,
माझ्या पॉलिश केलेल्या बुटांकडं बघितलं.
म्हणाली, 'ठाव हाय. दोरी घिऊन पळत आला व्हतास.
पायात चप्पल बी नव्हती तुझ्या.'