जाडीचा रकाना

तीन उन्हाळे बिराप्पाची मेंढरं बसवली रानात.
माती काळी झाली, मुठीत धरली तर दमट.
मग मीच रोटाव्हेटर फिरवला. दोनदा.
पीठ केलं.

वैशाखात ढालगावच्या पठारावर
पवनचक्क्या वेड्यागत फिरल्या.
वीज कुठं गेली ठाऊक नाही,
माती कोंडाबाईच्या वाळवणावर सापडली.
‘तुझं रान दाताखाली लागतंय,’ म्हणाली,
आणि कुरडई मोडून माझ्या हातावर ठेवली.

मोजणीवाला आला. दगड जागच्या जागी,
सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच.
‘जाडीचा रकाना नसतो, मामा,’
त्यानं कागदावरची धूळ फुंकली.

यंदा तुरकाट्या उभ्याच ठेवल्यात.
वारा त्यांच्यात अडखळतो,
शीळ घालतो,
जवळजवळ रिकाम्या हातानं
पुढं जातो.